पोटॅशियमवरून प्लेटची खोली : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

विषय ठरला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागाखाली फॅरालॉन ही समुद्रतळाची प्लेट कोणत्या काळात किती तिरकी शिरत होती, ते तिथल्या अग्निज खडकांच्या रसायनावरून काढायचं. नवे नमुने गोळा करायचे नाहीत. छापून आलेली विश्लेषणं एका तक्त्यात आणून नव्याने वाचायची, एवढंच.

ही प्लेट आता पृष्ठभागावर जवळजवळ उरलेली नाही. हुआन दे फुका, कोकोस आणि नाझका या प्लेट तिचेच तुकडे, बाकी सगळी खंडाखाली गेली. भूकंपलहरींवरून काढलेल्या चित्रात तिचा थंड पट्टा आज उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागाखाली, खालच्या प्रावरणात दिसतो. पण ८ कोटी वर्षांपूर्वी ती नेवाडाखाली किती खोल होती, हे त्या चित्रातून थेट मिळत नाही. त्यासाठी त्या वेळी वर आलेला शिलारसच वाचावा लागतो.

कल्पना जुनी आहे. १९६७ साली डिकिन्सन आणि हॅथर्टन यांनी पॅसिफिकभोवतीचे आजचे ज्वालामुखी घेतले आणि दाखवलं, की सिलिका सारखी धरली तर खालची प्लेट जितकी खोल, तितकं लाव्हात पोटॅशियम जास्त. आजच्या ज्वालामुखीखालची प्लेट भूकंपांवरून मोजता येते. मग उलट चालायचं: जुना लाव्हा, त्याचं पोटॅशियम, त्यावरून खोली, आणि गर्तेपासूनचं (समुद्रतळावर प्लेट जिथे खाली वळते ती खाच) अंतर माहीत असेल तर कोन. लिपमन, प्रोस्टका आणि क्रिस्टियनसेन यांनी १९७१ मध्ये पश्चिम अमेरिकेवर हेच गणित चालवलं. त्यांना सुमारे २० अंशांनी पूर्वेकडे उतरणाऱ्या दोन समांतर पाट्या मिळाल्या. पश्चिमेची खंडाच्या काठावर उघडणारी, पूर्वेची पूर्णपणे खंडाखालीच.

दोन पाट्या आज कोणी मानत नाही. मला ते गणित आजच्या माहितीवर करून बघायचंय. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कर. फक्त आलेख सुंदर आला की लगेच खूश होऊ नकोस."

११ जानेवारी

जिओरॉक आणि नॅव्हडॅट या खडक-विश्लेषणांच्या दोन संग्रहांतून माहिती उतरवली. नॅव्हडॅट तर पश्चिम उत्तर अमेरिकेसाठीच उभा केलेला. दोन्हींत बरेच नमुने सामाईक आहेत आणि नावं मात्र वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली: कुठे मध्ये रेघ, कुठे मोकळी जागा, कुठे मागे एक अक्षर चिकटवलेलं. नाव जुळवण्याचा नाद सोडला. सिलिका, टायटॅनियम आणि झिर्कोनियम तिन्ही दशांशापर्यंत सारखे असतील तर नमुना एकच, असा नियम केला.

नकाशावर टाकल्यावर मूठभर ठिपके थेट वायव्य चीनमध्ये. रेखांशापुढची वजाची खूण गळलेली. उत्तर ३७, पश्चिम १०७ म्हणजे कोलोरॅडोचा दक्षिण भाग; खूण गेली की तोच नमुना निंग्शियात. हसले, दुरुस्त केलं. पण ज्यांची चूक अशी समुद्रापार जात नाही, शंभर-दोनशे किलोमीटरचीच आहे, ते ठिपके कसे ओळखणार?

१५ जानेवारी

साफसफाई. एक नमुना सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढे हीच पद्धत.

जुनं ओलं (रसायनांत विरघळवून केलेलं) विश्लेषण, अँडेसाइट म्हणजे मध्यम सिलिकेचा लाव्हा. सिलिका ५७.१, पोटॅशियम ऑक्साइड २.६३. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वगळून उरलेल्या ऑक्साइडांची बेरीज ९५.९. सगळ्या आकड्यांना ०.९५९ ने भागलं की सिलिका होते ५९.५ आणि पोटॅशियम २.७४. सिलिका अडीच टक्क्यांनी सरकली! मी तुलना करणार ६० टक्के सिलिकेवर, त्यामुळे हा फरक सोडून चालणार नाही. काही निबंधांतले आकडे आधीच असे कोरडे करून छापलेत, काहींतले नाहीत, आणि तक्त्यात दोन्ही शेजारी शेजारी. बेरीज नेमकी १००.०० आली की समजायचं, कोणीतरी आधीच भागून ठेवलंय.

लोखंडाचंही तेच. कुणी दोन ऑक्साइड वेगळे देतं, कुणी सगळं एकात. फेरिकला ०.९ ने गुणून फेरसमध्ये मिळवलं.

१७ जानेवारी

वयं. १९७७ च्या आधी छापलेल्या पोटॅशियम-आर्गॉन वयांत क्षयाचे जुने स्थिरांक आहेत. ते सुमारे २.७ टक्क्यांनी वाढवावे लागतात: ३ कोटी लिहिलं असेल तर ३ कोटी ८ लाख. संग्रहात काही वाढवलेली, काही तशीच. निबंधाच्या सालावरून एकेक बघत बसले.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या ग्रॅनाइटांची पोटॅशियम-आर्गॉन वयं सरळ बाजूला ठेवली. शेजारी नंतर आलेल्या गरम शिलारसाने जुन्या खडकातलं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलेलं असतं, शिवाय कृष्णाभ्रकातलं घड्याळ सुमारे ३०० अंशांखाली आल्यावरच चालू होतं. झिरकॉनवरची युरेनियम-शिशाची वयं असतील तेवढेच नमुने घेते. संख्या घटली, हरकत नाही.

२४ जानेवारी

आज एक गंमत, म्हणजे नंतर गंमत वाटली. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोजवळच्या लाव्हांत पोटॅशियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या वर. डिकिन्सनच्या रेषेत घातलं तर प्लेट प्रावरणाच्या तळाशी जाऊन बसते. आधी वाटलं दशांशचिन्ह सरकलंय. मग सोडियम बघितलं: एका टक्क्याच्याही खाली. तेव्हा उलगडलं. खडक थिजल्यावर बऱ्याच काळाने खाऱ्या, कोमट पाण्याने त्यातलं सोडियम नेलं आणि पोटॅशियम आणून ठेवलं. नैऋत्य अमेरिकेत असे पट्टे बऱ्याच ठिकाणी आहेत. हातात धरला तर खडक ताजा वाटतो, म्हणून क्षेत्रात काम करणाराही फसतो.

म्हणजे ज्या मूलद्रव्यावर माझं सगळं गणित उभं, तेच पाण्यासोबत सहज हलणारं. पोटॅशियम-सोडियमचं गुणोत्तर एका मर्यादेबाहेर गेलं की नमुना बाद, असा नियम लावला. मर्यादा किती ठेवायची यावर दोन दिवस घालवले. खरे शोशोनाइट, म्हणजे मुळातच पोटॅशियमने भरलेले लाव्हा, त्या चाळणीत अडकू नयेत. वायोमिंगमधल्या ॲब्सारोकातले नमुने राहतात का, ही कसोटी धरली. शोशोनाइट हे नाव त्याच परिसरातून आलंय, ते गमावून कसं चालेल.

२ फेब्रुवारी

नायोबियमच्या रकान्यात शून्यंच शून्यं. नायोबियम शून्य असलेला लाव्हा पृथ्वीवर नसतो. जुन्या यंत्राची मोजमर्यादा १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भाग) आसपास, त्याखालचं सगळं कोणीतरी ० म्हणून भरलंय. गंमत अशी, की मला हवा असलेला संकेत नेमका कमी नायोबियमचाच. ही शून्यं तशीच ठेवली असती तर सबडक्शनचा, म्हणजे प्लेट खाली शिरत असल्याचा, पुरावा हवा तितका मिळाला असता! सगळी रिकामी केली.

टँटॅलमचं दुखणं वेगळं. नमुना टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळला की भांड्यातून टंगस्टन, कोबाल्ट आणि थोडं टँटॅलम पुडीत उतरतं. कोबाल्ट अवाच्या सवा दिसला की त्या ओळीतलं टँटॅलम सोडून द्यायचं.

हा संकेत कसा तयार होतो ते इथेच लिहून ठेवते, अहवालात लागेल. बुडणारी प्लेट खाली जाताना तापते, दाब वाढतो, तिच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं. ते पाणी वरच्या गरम प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं. म्हणजे चापातले (गर्तेला समांतर रांगेतले) ज्वालामुखी पेटतात ते पाण्यामुळे, प्लेट स्वतः वितळते म्हणून नव्हे (निदान बहुतेक वेळा). पाण्यासोबत बेरियम, रुबिडियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, शिसं वर येतं. नायोबियम, टँटॅलम, टायटॅनियम येत नाहीत. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि रुटाइलसारखं खनिज त्यांना खालीच धरून ठेवतं. मूलद्रव्यं ओळीने मांडून आलेख काढला की नायोबियम-टँटॅलमपाशी खळगा पडतो. आदिम प्रावरणात नायोबियम आणि लँथॅनम यांचं गुणोत्तर १ च्या जवळ असतं, चापाच्या लाव्हात ते ०.५ च्याही खाली जातं.

८ फेब्रुवारी

पहिला आलेख. प्रत्येक ज्वालामुखी क्षेत्रासाठी सिलिकेसमोर पोटॅशियम मांडून सरळ रेषा बसवली आणि ६० टक्के सिलिकेवरचं पोटॅशियम वाचलं. नुसते ऱ्हायोलाइट, म्हणजे सिलिकेने भरलेले लाव्हा, असलेली क्षेत्रं गाळली. ७४ टक्क्यांवरून ६० पर्यंत रेषा मागे ओढणं म्हणजे अंदाजपंचेच.

४ ते २ कोटी वर्षांपूर्वीचा गट घेतला, आडव्या अक्षावर किनाऱ्यापासूनचं अंतर. चढण दिसते. पूर्वेकडे जावं तसं पोटॅशियम वाढत जातं, कोलोरॅडोतल्या सान हुआनपर्यंत. ठिपके विखुरलेत, तरी कल डोळ्यांना स्पष्ट. १९७१ च्या माणसांना नेमकं काय दिसलं असेल ते आज कळलं, आणि त्यांना त्यावर विश्वास का ठेवावासा वाटला तेही.

मॅडमचं वाक्य आठवलं आणि तरीही खूश झाले.

१० फेब्रुवारी

खुशी दोन दिवस टिकली.

पद्धत खरी असेल तर आजच्या ज्वालामुखींवर ती चाललीच पाहिजे, तिथे उत्तर आधीच माहीत आहे. म्हणून अँडीजचा ३३ ते ३७ अंश दक्षिण हा तुकडा घेतला, उत्तरेला तुपुंगातो, दक्षिणेला नेवादोस दे चियान. तिथे ज्वालामुखींची रांग प्लेटच्या डोक्यावर जवळपास एकाच उंचीवर उभी आहे. खाली प्लेट साधारण ९० किलोमीटर, उत्तरेतही आणि दक्षिणेतही. माझ्या पद्धतीने पोटॅशियम सगळीकडे सारखं यायला हवं होतं.

येत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे ते वाढतच जातं. प्लेटची खोली तीच, पोटॅशियम मात्र चढतंय. बदलतंय ते वरचं कवच: दक्षिणेला ३५-४० किलोमीटर, उत्तरेला ५०-६०. हिल्ड्रेथ आणि मूरबाथ यांनी १९८८ मध्ये याच तुकड्यावर हे दाखवून ठेवलंय. त्यांचं म्हणणं असं, की प्रावरणातून आलेला शिलारस कवचाच्या तळाशी अडतो, तिथला खडक वितळवतो, त्यात मिसळतो, मुरतो, आणि मग पुढे निघतो. कवच जाड असेल तर मुरणंही जास्त आणि पोटॅशियमही जास्त.

आता माझी ८ तारखेची चढण वाचायची कशी? पूर्वेकडे प्लेट खोल होत गेली म्हणून, की पूर्वेकडे कवच जुनं आणि जाड होत गेलं म्हणून? आलेखात दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

११ फेब्रुवारी

काही केलं नाही.

१६ फेब्रुवारी

मॅडमसमोर दोन्ही आलेख शेजारी ठेवले. त्यांनी अँडीजचा बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कवचाची जाडी वेगळी मोजता आली तर?"

येते मोजता, तीही त्याच तक्त्यातून. स्ट्रॉन्शियम आणि इट्रियम. कवच पातळ असेल तर शिलारस कमी दाबाखाली थांबतो, तिथे प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचे स्फटिक बनतात आणि ते स्ट्रॉन्शियम खाऊन टाकतात. कवच जाड असेल तर तळाशी दाब जास्त; तिथे प्लॅजिओक्लेज टिकत नाही, गार्नेट आणि हॉर्नब्लेंड बनतात, आणि गार्नेट इट्रियम व यिटर्बियम ओढून घेतं. दोन्ही गोष्टी गुणोत्तराला एकाच दिशेने ढकलतात. जाड कवचातून आलेल्या खडकात स्ट्रॉन्शियम भागिले इट्रियम मोठं. आजच्या चापांवर ताडून बघता ढोबळमानाने २० च्या आसपास असेल तर कवच ३० किलोमीटर, ४० च्या वर गेलं तर ५० किंवा अधिक. लँथॅनम-यिटर्बियमचं गुणोत्तरही तीच गोष्ट सांगतं, त्यामुळे पडताळा घेता येतो.

चाळणी कडक लागते. सिलिका ५५ ते ६८, मॅग्नेशियम ऑक्साइड ४ च्या खाली, रुबिडियम-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.२ च्या खाली. ऱ्हायोलाइट घेतले तर प्लॅजिओक्लेजने सगळं स्ट्रॉन्शियम आधीच संपवलेलं असतं आणि कवच हास्यास्पद पातळ येतं. आणि एकट्या खडकावरून कधीच बोलायचं नाही, क्षेत्राचा मध्यांक घ्यायचा.

एक जुना वाद इथे पायात येतो. अल्यूशियनमधल्या एडॅक बेटावरून ॲडाकाइट हे नाव पडलं, १९९० मध्ये डेफंट आणि ड्रमंड यांनी दिलेलं. उच्च स्ट्रॉन्शियम, कमी इट्रियम, म्हणजे कोवळी गरम प्लेट स्वतःच वितळली, असा अर्थ. नंतर असे खडक जिथे तिथे सापडू लागले, खाली कोवळी प्लेट असो वा नसो. गार्नेट बुडत्या प्लेटमध्येही असतं आणि जाड कवचाच्या तळाशीही. गुणोत्तर फक्त सांगतं, की गार्नेट कुठेतरी होतं. मी खंडावरच्या नमुन्यांसाठी जाड कवचाचं वाचन घेते, आणि तसं घेतलंय हे अहवालात लिहिणार.

१९ फेब्रुवारी

अँडीजच्या तुकड्यावर स्ट्रॉन्शियम-इट्रियम चालवलं. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतं, कवचाच्या मोजलेल्या जाडीला धरून. पद्धत उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी पास झाली. पोटॅशियमला हे जमलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

आडव्या अक्षाचं काम. किनाऱ्यापासूनचं आजचं अंतर घेऊन चालणार नाही, कारण मधला बेसिन अँड रेंज प्रांत गेल्या साडेतीन-चार कोटी वर्षांत पूर्व-पश्चिम ताणला गेलाय, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सान हुआनचे ज्वालामुखी पेटलेले असताना ते किनाऱ्याच्या आजच्यापेक्षा बरेच जवळ होते.

फरक किती पडतो ते बघितलं. आजचं अंतर १३०० किलोमीटर, समजा पोटॅशियमवरून खोली ३०० आली, तर कोन १३ अंश. ताण काढून अंतर १०५० केलं तर १६. आणि हे पाटी सरळ आहे असं धरून! २० अंशांची सरळ पाटी १०५० किलोमीटर आत गेली तर ती ३८२ किलोमीटर खोल असायला हवी. आजच्या ज्वालामुखींखाली प्लेट सरासरी शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे असते, उथळ असेल तर ७०, खोल असेल तर १७०. पावणेचारशे किलोमीटरवरून चापाचा ज्वालामुखी पेटल्याचं उदाहरण माझ्या तक्त्यात तरी नाही.

म्हणजे सरळ पाटीच चुकीची. इतक्या आत चापासारखा शिलारस यायचा असेल तर प्लेट काही अंतर जवळपास आडवी जाऊन मग वाकलेली असली पाहिजे, किंवा शिलारस पेटण्याचं कारणच दुसरं.

४ मार्च

पोटॅशियम बाजूला ठेवून आज नुसता नकाशा केला, ५० लाख वर्षांचा एकेक थर. प्रत्येक थरात फक्त ठिपके, रंग नाही, रसायन नाही. आजपर्यंतचा सगळ्यात उपयोगी दिवस.

१० ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी: ठिपके सिएरा नेवाडाच्या माथ्यावर दाटीवाटीने. योसेमिटीतला हाफ डोम ज्या ग्रॅनोडायोराइटचा आहे तो याच काळातला, त्याच्या शेजारचा कॅथीड्रल पीकचा बोटभर लांब फेल्डस्पार असलेला खडकही. तेव्हाची रांग पाठ्यपुस्तकासारखी: किनाऱ्याला फ्रान्सिस्कन नावाचा चुरगळलेला गाळ आणि निळा शिस्ट, मध्ये ग्रेट व्हॅलीचं खोरं, मागे ग्रॅनाइटांची माळ.

८ कोटींच्या थरात सिएरा रिकामी. हळूहळू नाही, एकदम. पुढच्या तीन-चार थरांत ती रिकामीच राहते आणि विरळ ठिपके पूर्वेला सरकतात. कोलोरॅडोच्या खनिज पट्ट्यात एक तिरकी ओळ उमटते. मधल्या नेवाडात जवळजवळ शुकशुकाट.

५ कोटींच्या सुमारास उत्तरेला आयडाहोत चॅलिस आणि वायोमिंगमध्ये ॲब्सारोका पेटतात. मग नेवाडात ठिपके वरून खाली, उत्तरेकडून दक्षिणेकडे, पडदा ओढावा तसे सरकतात. ३.५ ते २ कोटींमध्ये सगळा नकाशा भरून जातो. सान हुआनमधल्या ला गारिता कुंडातून २ कोटी ८२ लाख वर्षांपूर्वी फिश कॅनियन टफ (ज्वालामुखी राखेचा खडक) बाहेर पडला, सुमारे ५००० घन किलोमीटर. (त्यातल्या सॅनिडिन या फेल्डस्पारवर जगभरच्या आर्गॉन प्रयोगशाळा आपली घड्याळं लावतात. माझ्या तक्त्यातली निम्मी वयं या ना त्या मार्गाने त्याच कुंडाला टेकलेली असणार.)

कोनी आणि रेनल्ड्स यांनी १९७७ मध्ये हेच वाचलं होतं: ठिपके आत सरकले तेव्हा प्लेट उताणी झाली, ठिपके परतले तेव्हा ती पुन्हा कलली. मला आज पटलं ते रिकाम्या जागेमुळे. प्लेट आडवी होऊन खंडाच्या तळाला घासत गेली, की मधली गरम प्रावरणाची पाचर हद्दपार होते. पाणी सुटत राहतं, पण वितळायला गरम असं काही उरत नाही.

९ मार्च

आज पृथ्वीवर असं कुठे चालू आहे का, हा प्रश्न साहजिक. आहे, आणि माझ्या चाचणीच्या तुकड्याला लागूनच: अँडीजमध्ये साधारण २७ ते ३३ अंश दक्षिण. भूकंप सांगतात, की तिथे प्लेट शंभरेक किलोमीटर खोल गेल्यावर शेकडो किलोमीटर आडवी जाते. त्या टप्प्यात एकही जिवंत ज्वालामुखी नाही. तुपुंगातोच्या उत्तरेला माळ तुटते ती याचमुळे. तुटण्याआधीचे शेवटचे लाव्हा अर्जेंटिनात पोचोला सापडतात, गर्तेपासून ७०० किलोमीटर आत. माझ्या ४ तारखेच्या नकाशातला नेवाडा-कोलोरॅडो डोळ्यांसमोर आला.

महिनाभर मी याच पर्वतरांगेच्या आकड्यांत बुडालेली, आणि चाचणीचा तुकडा ३३ अंशांवर कापला तेव्हा त्याच्या वर काय आहे ते बघितलंही नव्हतं.

१३ मार्च

कवचाच्या जाडीचे आकडे थरांवर चढवले. ८ कोटींच्या अलीकडे नेवाडात स्ट्रॉन्शियम-इट्रियम मोठं, म्हणजे कवच जाड. इतरांनीही हेच काढलंय, त्या उंच पठाराला नेवाडाप्लानो म्हणतात. १.५ कोटींनंतरच्या खडकांत गुणोत्तर उतरतं: ताण बसला, कवच पातळ झालं. तेव्हा माझी ८ फेब्रुवारीची चढण बरीचशी कवचाची आहे. जाडी सारखी असलेली क्षेत्रं तेवढी निवडून पोटॅशियम पुन्हा मांडलं तर चढण मंदावते. पूर्ण जात मात्र नाही.

उरलेल्या चढणीवर मला खोलीचं गणित करायचा मोह होतोय. करणार नाही. पूर्वेकडे कवचाखालचं घट्ट प्रावरणही जाड आणि जुनं आहे, त्यामुळे शिलारस खोलवर आणि थोडाच वितळतो, आणि थोडं वितळलं की पोटॅशियम त्यात दाटतं. याचंही मोजमाप याच तक्त्यातून काढायला गेले तर एका समीकरणात तीन अज्ञात.

सिएराच्या ग्रॅनाइटांसाठी स्ट्रॉन्शियम समस्थानिकांची ०.७०६ रेषा (स्ट्रॉन्शियम-८७ भागिले ८६ हे खडकातलं सुरुवातीचं गुणोत्तर जिथे ०.७०६ होतं ती) नकाशावर घातली, किस्टलर आणि पीटरमन यांची, १९७३ ची. तिच्या पूर्वेला शिलारस जुन्या खंडातून मुरत आलाय. रेषा अगदी ठळक उमटते.

२० मार्च

सबडक्शन संपल्यावर नायोबियमचा खळगा बुजायला हवा, असं मी गृहीत धरलं होतं. सागरी कटक (जिथे समुद्रतळाची नवी प्लेट बनते ती रांग) सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी गर्तेला येऊन भिडलं, तिथून पुढे किनाऱ्याचा एकेक तुकडा सान आंद्रेआसच्या सरकत्या भेगेकडे गेला (अ‍ॅटवॉटरचं १९७० चं काम). त्या तुकड्यामागे नवी प्लेट उतरणं बंद. आणि तरीही मागच्या नेवाडा-ॲरिझोनातल्या १ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टांत खळगा आहे, चांगला खोल. कित्येक ठिकाणी तो गेल्या ५० लाख वर्षांतच नाहीसा होतो.

प्लेट गेली तरी तिने दिलेलं पाणी वरच्या घट्ट प्रावरणात राहिलं. आडवी असताना तिने ते कोट्यवधी वर्षं भिजवत ठेवलं होतं. ती सुटून खाली गेली, मागून गरम प्रावरण वर आलं, भिजलेला तळ तापला आणि एकाच वेळी सगळा नकाशा पेटला, असंच ४ मार्चच्या शेवटच्या थराचं वाचन करायचं. पण मग खळगा दिसला की "इथे तेव्हा प्लेट होती" असं लिहिता येत नाही. "इथे तेव्हा किंवा आधी केव्हातरी होती" एवढंच. अहवालाच्या मसुद्यात हे वाक्य मी सात ठिकाणी चुकीचं लिहिलं होतं.

ताजेपणाचा पुरावा द्यायला बेरिलियम-१० आहे. वातावरणात विश्वकिरणांमुळे बनतं, समुद्राच्या गाळात बसतं, गाळासोबत गर्तेत जातं आणि काही दशलक्ष वर्षांत ज्वालामुखीतून परत येतं. १९८० च्या दशकात आजच्या चापांच्या लाव्हांत ते सापडलं, तेव्हा गाळ खाली जाऊन परततो यावरचा वाद संपला. पण त्याचं अर्धायुष्य १४ लाख वर्षांच्या जरा आत. माझ्या सगळ्यात कोवळ्या नमुन्यातलंही केव्हाच विरलेलं.

२७ मार्च

अहवालाचा क्रम बदलला. आधी ठिपक्यांचा नकाशा, मग कवचाची जाडी, मग खळगा, पोटॅशियम शेवटी. मॅडमनी मसुदा वाचून पोटॅशियमचं प्रकरण काढून टाकायचं सुचवलं. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी कोणीतरी हाच आलेख काढणार आहे आणि त्यालाही तो सुंदरच वाटणार आहे. अँडीजचा आलेख त्याच पानावर, शेजारी, त्याच मापात छापायचा. यावर त्या "बरं" म्हणाल्या.

३ एप्रिल

तक्ता, नियमांची यादी आणि गाळलेल्या ओळी (कारणासकट) वेगळ्या फाइलींत ठेवल्या. गाळलेल्यांची फाइल राहिलेल्यांपेक्षा मोठी झालीय.

शेवटी एकदा नकाशा मोठा करून बघितला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून ४० किलोमीटर समुद्रात एक ग्रॅनाइटचा ठिपका, वय ९ कोटी. अक्षांशातले दोन आकडे उलटे पडलेत असं वाटतंय. मूळ निबंध मागवलाय.